न वाजणारा बूट

१

बूट दोन होते, पण वाजत एकच होता.

टाचेत शिट्टी बसवलेले ते बाजारातले बूट मला मुळीच आवडत नाहीत. मी डहाणूच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. लोक मला 'मालिशवाले सावे डॉक्टर' म्हणतात आणि त्यांना दुरुस्त करायचा नाद मी कधीच सोडला आहे. माझ्या खोलीबाहेर लांबलचक व्हरांडा आहे. तिथे एखादं पोर असले बूट घालून धावलं की तो आवाज थेट माझ्या डोक्यात शिरतो. म्हणून मी दारावर पाटी लावली होती, 'वाजणारे बूट बाहेर काढावेत'. पोरांना वाचता येत नाही आणि आया वाचत नाहीत, त्यामुळे पाटी नुसती शोभेला होती.

त्या सकाळी चूं ऐकू आलं आणि मी तावातावाने उठलो. पण पाठोपाठ यायला हवं ते दुसरं चूं आलंच नाही. नुसतं फरफटल्यासारखं काहीतरी, आणि मग पुन्हा एक चूं.

बाहेर येऊन बघतो तर दोनेक वर्षांचा एक मुलगा आईचं बोट धरून चालत होता. उजवी टाच टेकली की त्याचा लाल बूट वाजे. डावा पाय तो गुडघ्यातून चांगला उंच उचलत होता, पण पाऊल पुढे लोंबत होतं. आधी बोटं टेकत, टाच टेकतच नव्हती. ओरडायला आलेला मी तिथेच जमिनीवर उकिडवा बसलो.

"कधीपासून चालतोय असा?" मी विचारलं.

"सरकारी सुई टोचली तवापासून," आई म्हणाली आणि तिने पोराला उचलून कडेवर घेतलं. तिचं नाव रूपी, मुलाचं लाहू. घर तलासरी तालुक्यात, वेवजीच्या पलीकडच्या एका पाड्यावर. सोबत सासू नवशी होती आणि पांढरा सदरा घातलेले चंदरकाका नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होते म्हणे. घरच्यांना इथे यायला त्यांनीच राजी केलं होतं.

ही मंडळी कोण ते मला लगेच कळलं, कारण लाहू तोवर प्रसिद्ध झाला होता. आदल्या बुधवारी सुषमा नावाच्या नर्सने पाड्यावर त्याला डाव्या मांडीत लस दिली. शनिवारी त्याचा डावा पाय लुळा पडला. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि दोन दिवसांत तो तालुक्यातल्या निम्म्या मोबाइलवर पोचला. 'लस दिली आणि पाय गेला' एवढंच त्याखाली लिहिलं होतं. तेवढं पुरलं. सुषमा दिसली की पाड्यापाड्यावर दारं लागू लागली.

लहान मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की पहिली शंका पोलिओची घेतात, आणि आमच्याकडे त्यासाठी डॉ. भाविनी येते. वयाने माझ्या मुलीएवढी, माहेरची डहाणूचीच, घरात गुजराती बोलणारी, त्यामुळे मराठीतही 'ना'चं 'ने' करणारी. तिच्या प्रश्नांना शेवट नसतो आणि ती माझ्या डब्यातलं न विचारता खाते.

तिने लाहूच्या गुडघ्याखाली हातोडी टिचकवली. डावा पाय छान उडाला. मग तिने कापसाची वात घेऊन उजव्या पावलावरून फिरवली तसा लाहू खुदकन हसला. डाव्या पावलावरून फिरवली. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"पोलिओ ताकद नेतो, सावेसाहेब," ती हळूच म्हणाली, "गुदगुल्या नेत नाही."

तिने त्याला पालथं झोपवलं. डाव्या कुल्ल्यावर, बऱ्याच खाली आणि आतल्या बाजूला, तिच्या बोटाला एक टणक गाठ लागली. लाहूने टाहो फोडला. तिथेच जरा वर, दोन्ही कुल्ल्यांभोवती, कातडीवर एक बारीक फिकट रेघ होती. भाविनीने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि सरळ विचारलं, "लाहूला दुसरी सुई कुणी दिली?"

"दुसरी सुई नाय दिली," नवशी म्हणाली.

"एकच दिली. सिस्टरने," रूपी म्हणाली.

चंदरकाका खिडकीतून बाहेर बघत होते.

मग मी माझं सांगून पाहिलं. पावलाला आधाराची पट्टी बांधावी लागेल, रोज व्यायाम द्यावा लागेल. लोंबतं पाऊल तसंच राहू दिलं तर टाच वर ओढली जाते आणि आखडते. मग पुढे नस जागी झाली तरी पाय सरळ पडत नाही. "आत्ता सुरू केलं तर पुष्कळ आशा आहे, बाई," मी म्हणालो.

रूपीने मुलाला छातीशी धरलं. "ज्यांच्या सुईने पाय नेला त्यांच्याच हातात परत पाय देऊ? नाय देणार."

ती निघालीच. व्हरांड्यात एक चूं वाजलं, मग फरफट. मला त्या आवाजाची इतकी चीड यायची, पण त्या दिवशी दुसऱ्या चूंसाठी मी कान टवकारून उभा होतो.

"हे लोक खोटं बोलतायत ने," भाविनी म्हणाली. "पण स्वतःच्या पोराचा पाय पणाला लावून माणूस खोटं का बोलेल? उद्या वेवजीला जायचं, सावेसाहेब. डबा जास्त आणा."

२

सुषमा उपकेंद्राच्या पायरीवर लशीचा निळा डबा मांडीवर घेऊन बसली होती. डबा भरलेला होता आणि समोर एकही आई नव्हती.

"मॅडम, माझ्या हातून टोचून घेतलेली पोरं आता दहावीला बसलीत," ती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते आणि आवाजात रडण्यापेक्षा राग जास्त होता.

"सुई कुठे दिली ते दाखव," भाविनी म्हणाली. दाखवायला मांडी अर्थातच माझी. सुषमाने मांडीच्या पुढच्या बाजूला, मधोमध, थोडं बाहेरच्या अंगाला बोट टेकवलं.

"आता पायाची मोठी नस कुठून जाते, सावेसाहेब?"

"कुल्ल्यातून निघते आणि मांडीच्या मागून खाली उतरते," मी म्हणालो. "इथून दिलेली लस तिला शिवत नाही. शिवाय गाठ कुल्ल्यावर आहे."

"म्हणजे मी सुटले!" सुषमा म्हणाली.

"माझ्याकडून सुटलीस. रूपीकडून नाही," भाविनी म्हणाली. "तिला नसांचा नकाशा दाखवून काय उपयोग? तिचा आपल्यावरच विश्वास नाही. सुषमा, या भागात आणखी सुया कोण देतं?"

सुषमाने डब्याचं झाकण उगाच उघडलं आणि लावलं. "मला नका विचारू, मॅडम. मला उद्या त्याच पाड्यावर जायचंय."

इतक्यात समोरच्या रस्त्यावर आरोळी आली आणि डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई पायरीपाशी टेकली. चिंचणीची चंद्रावती. दर शुक्रवारी ती बसने इकडे येते आणि सुके बोंबील, सुकट विकत पाडे फिरते. शनिवारपर्यंत पाड्याजवळच नणंदेकडे तिचा मुक्काम असतो. या खेपेला मात्र ती आठवडा उलटायच्या आतच आली होती.

"त्या लाल बुटाच्या पोराचं खरं का गो?" टोपली उतरवायच्या आधीच तिने सुषमाला विचारलं. "मीच आणून दिलेलं ते बूट. व्हिडिओत बघितलं आणि जेवण गेलं नाय मला."

भाविनी पायरीवर सरकून तिच्या शेजारी जाऊन बसली. "मावशी, बूट घातलेला लाहू तुम्हाला शेवटचा कधी दिसला?"

"शुक्रवारी सकाळी. अंग कोमट होतं त्याचं, किरकिरत होता, तरी टोपलीमागे पळत आला. सुक्या कोलंबीचा लोभी आहे मेला. मागे न बघताच ओळखलं मी, लाहू आला म्हणून."

"न बघता कसं ओळखलं?"

"आता दोन्ही बूट चूं चूं, चूं चूं करीत आल्यावर बघायला कशाला पाहिजे?"

सुषमा ताडकन उभी राहिली. लस बुधवारची, आणि शुक्रवारी सकाळी दोन्ही टाचा जमिनीला लागत होत्या. म्हणजे पाय गेला तो त्यानंतर.

"आणि शनिवारी?" भाविनीने विचारलं.

चंद्रावतीने पदराने तोंड पुसलं. "शनिवारी एकच वाजत होता. मला वाटलं, दुसऱ्याची शिट्टी बिघडली. म्हटलं, पुढच्या खेपेला नवा जोड आणीन."

३

दुसरी सुई कुठूनतरी विकत आणली असणारच, म्हणून आम्ही नाक्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार पियुष एकटाच होता. भाविनीने त्याच्याशी गुजरातीत सुरुवात केली आणि तो एकदम घरच्यासारखा वागू लागला. स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. सुईचा विषय निघाल्यावर मात्र तो मराठीत आला आणि जरा ताठ झाला.

"बेन, आपण फक्त दवा विकतो. सुई आपण कोणाला मारत नाय. एकदम पक्की वात, पक्की गोष्ट."

"शुक्रवारी लाहूचे वडील आले होते?"

"सुनिलभाई? हो, दुपारच्या पाळीला तारापूरला कंपनीत जायच्या आधी आला. बोलला, पोराला ताप हाय, तापाचं इंजेक्शन दे आणि एक सुई दे. मी बोललो, चिठ्ठी कुठे? तो बोलला, नंतर आणतो." पियुषने खाली बघितलं. "नाय आणली."

"आणि तुम्ही दिलं."

"दिलं, बेन. चूक झाली."

"मग सुई कुठे टोचून मिळेल, कोण देईल, हे त्याने विचारलं?"

"त्या पाड्याचं कोणी विचारत नाय," पियुष म्हणाला. "दुसऱ्या गावचे लोक विचारतात, पियुषभाई, तू देशील काय, डॉक्टर कुठे बसतो. ह्या पाड्याचे लोक सुई घेतात आणि सीधा घरी जातात."

चहा संपला. गाडीत बसल्यावर भाविनीने माझ्या डब्यातली शेवटची पुरी उचलली आणि म्हणाली, "म्हणजे देणारा माणूस पाड्यावरच आहे. आणि तो सगळ्यांना इतका घरचा आहे की त्याचं नाव घ्यायचीसुद्धा कुणाला गरज वाटत नाही."

मला तोवर काही सुचलेलं नव्हतं. मी म्हणालो, "पियुष खोटं बोलत असेल. त्यानेच दिली असेल."

"असेल. पाड्यावर जाऊन बघू."

४

पाड्यावर गेलो तेव्हा ऊन उतरत होतं. अंगणात पाच-सात पोरं आट्यापाट्या खेळत होती. रूपीच्या ओट्यावर लाहू पाय पसरून बसला होता आणि डाव्या बुटाची टाच हाताने दाबून ती वाजवत होता.

चंदरकाका आम्हाला सामोरे आले. आणि तेव्हा मी एक गंमत पाहिली. काका अंगणात आले तशी खेळणारी पोरं एकामागून एक सरकत गेली आणि घराच्या भिंतीला, कुडाला, पाठ टेकून ओळीने उभी राहिली. किती वळण लावलंय बघा, असं माझ्या मनात आलं. आमच्या डहाणूत मोठ्यांना बघून पोरं मोबाइलमधून मानसुद्धा वर करत नाहीत. काकांनी त्यातल्या एकीच्या डोक्यावर हात ठेवला, तर ती आणखीच कुडाला चिकटली.

भाविनीने ते नीट पाहून घेतलं. ती रूपीजवळ गेली.

"रूपी, शुक्रवारी सकाळी लाहू मासेवालीच्या मागे पळत होता. दोन्ही बूट वाजत होते. दुपारी सुनिलने नाक्यावरून सुई आणली. शनिवारी पाय लुळा पडला. आता सांग."

रूपीने लाहूला जवळ ओढलं. मग तिने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची लाज अजिबात नव्हती.

"हो, दिली सुई. पण त्या हाताने चूक नाय झाली. माझं माहेर पण ह्याच पाड्याचं, मी लहान असताना मला त्याच हाताने सुई दिली. माझ्या भावांना दिली, लाहूच्या बापाला दिली. ह्या अंगणातल्या सगळ्या पोरांना दिली. एकाचा तरी पाय गेला का? मग त्या हाताने चूक झाली नाय, तर उरलं कोण? सिस्टरच उरली. म्हणून मी एकच सुई सांगितली. खोटं कुठे बोलले मी?"

आता मला उलगडलं. ती काही लपवायला खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशोबात ती दुसरी सुई धरायचंच कारण नव्हतं. त्या हातावर तिचा आपल्या आईबापावर असावा तेवढा विश्वास होता.

"कुणाच्या हाताने?" मी विचारलं.

"सावेसाहेब, पोरांनी मघाशीच सांगितलं ने," भाविनी म्हणाली. "ज्या माणसाला बघून पोरं आपली मागची बाजू भिंतीला लावून लपवतात, तो माणूस काय देत असेल?"

सगळे चंदरकाकांकडे बघू लागले. म्हातारा दोन पावलं पुढे आला आणि ओट्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"मीच दिली, मॅडम. ह्या बायने नाव घेतलं नाय, मी पण गप्प राहिलो. सुषमाची चूक नाय हे मला पटत होतं, म्हणून यांना तुमच्याकडे आणलं. पण माझीही चूक मला सापडत नाय. पैसे मी कधी घेतले नाय. सुई नवी होती. जागा तर मी कंपाउंडर होतो तिथल्या थोरल्या डॉक्टरांनी शिकवलेलीच, करदोऱ्याखाली चार बोटं, बाहेरच्या अंगाला. आजवर जागा सोडून सुई दिली नाय. लाहूलाही मोजूनच दिली." त्यांनी लाहूकडे पाहिलं. "मग पाय का गेला? तुम्हीच सांगा."

गाठ खाली आणि आत होती. काका म्हणत होते, जागा वर आणि बाहेर होती. गाठ आणि काका, दोन्ही खरं सांगत होते. माणूस कळला होता, चूक कळत नव्हती, आणि ती कळल्याशिवाय रूपी लाहूचा पाय आमच्या हाती देणार नव्हती.

५

भाविनी ओट्यावर लाहूशेजारी बसली. लाहूने तिला बूट वाजवायला दिला. तिने तो एकदा वाजवला आणि अचानक त्याचा सदरा वर केला. ती फिकट रेघ अजून तिथे होती.

"रूपी, याचा करदोरा कुठाय? बाकी सगळ्या पोरांच्या कमरेला आहे."

रूपीने सासूकडे बघितलं. नवशी म्हातारी इतका वेळ दारात बसून होती. ती पुटपुटली, "मी सोडला. दोऱ्याने पोर राखलं नाय, मग कशाला ठेवायचा?"

"फेकलात?"

"फेकतात काय कधी? तांदळात ठेवलाय."

"आजी, मला तो हवा. पुन्हा त्याच्या कमरेला बांधायचाय, होता तसाच. गाठसुद्धा तीच."

नवशी आत गेली आणि काळा दोरा घेऊन आली. गाठ तिने सोडली नव्हती, पायातून दोरा तसाच खाली काढला होता. हे कळताच भाविनीचे डोळे चमकले. दोऱ्यात एक तांब्याचा ताईत होता, भोकाचं जुनं नाणं, एक पितळी घुंगरू आणि आणखी एक ताईत.

"इतकं सगळं?"

"दिवाळीत बांधला तवा नाणंच होतं," नवशी म्हणाली. "आमच्यात दोरा दिवाळीला बांधतात, मग वर्षभर सोडत नाय. पोर वाढणार म्हणून सैल बांधला. तवा गुबगुबीत होता लाहू. मग हगवण लागली, हा ताईत घातला. परत लागली, हा घातला. वाळून गेला पोर, मग घुंगरू बांधलं."

भाविनीने लाहूला उभं केलं आणि दोरा त्याच्या पायातून वर चढवला. कमरेवर नेऊन तिने हात सोडला. ताईत हलले, घुंगरू किणकिणलं आणि दोरा सरळ घसरत खाली आला. तो कमरेवर थांबला नाही, कमरेच्या हाडावरही थांबला नाही. कुल्ल्यांच्या फुगीर भागावर, बरोबर त्या फिकट रेघेवर येऊन बसला. घुंगराच्या वजनाने मागून तो आणखीच झुकला होता.

नवशी दारातून उठून पुढे आली.

"काका," भाविनी म्हणाली, "आता मोजा."

चंदरकाकांनी हात पुढे केला. दोऱ्याखाली चार बोटं आडवी ठेवली, आणि सवयीने करंगळीच्या खाली अंगठा टेकवला. लाहू कळवळून रडायला लागला. अंगठा नेमका त्या गाठीवर पडला होता.

काकांनी हात असा मागे घेतला की जणू भाजलाच.

"तुमची बोटं चुकली नाहीत, काका. दोरा चुकीच्या जागी होता," भाविनी म्हणाली. "थोरल्या डॉक्टरांनी दोरा सांगितला, कारण चांगल्या अंगाच्या पोराचा दोरा कमरेच्या हाडाच्या वर राहतो. त्याखाली चार बोटं म्हणजे सुरक्षित जागा. पण आजारी पोर वाळतं, आणि घरचे मायेने त्याच दोऱ्यात आणखी ताईत घालतात. पोर जितकं आजारी, तितका दोरा हलका हवा, तर तो जड होतो. जितकं वाळलेलं, तितका तो खाली जातो, आणि इतक्या खाली बाहेरचं अंगही नसेजवळच येतं. आणि सुईची गरज तर आजारी पोरालाच लागते ने."

मग तिने मला अंगणाच्या मधोमध उभं केलं. "लहान पोरांना सुई मांडीतच द्यायची, सुषमाने दिली तशी. मोठ्या माणसाला कुल्ल्यात द्यायचीच झाली तर आधी हे हाड शोधायचं. दोरा सरकतो, चड्डी सरकते. हाड सरकत नाही." माझ्या कमरेचं हाड शोधायला तिला बराच वेळ लागला. कुडाला चिकटलेली पोरं पहिल्यांदा हसली. मी हसू दिलं.

रूपी हसली नव्हती. ती दोऱ्याकडे बघत होती. "म्हणजे सिस्टरने काय नाय केलं," ती म्हणाली. मग काकांकडे वळून, "आणि काका, तुम्ही पण…" काकांनी तिच्या पायाशी बसून तोंड झाकून घेतलं. त्या बाईने काय करावं? तिने वाकून म्हाताऱ्याला धरून उठवलं. मला ते बघवलं नाही आणि बघितल्यावाचून राहवलंही नाही.

"काका, माझ्या अहवालात तुमचं नाव जाईल," भाविनी म्हणाली. तिच्या आवाजात आता मघाची चमक नव्हती.

"जाऊ दे, मॅडम. जायलाच पाहिजे." काका आपल्या घरी गेले आणि सुयांचा पत्र्याचा डबा आणून तिच्या हातात दिला. मग रूपीला म्हणाले, "बाय, तुझा मोबाइल काढ. तो व्हिडिओ फिरला तसा माझा पण फिरव. मी बोलतो. सुषमाचं नाव माझ्या गप्प बसण्याने खराब झालं."

ते बोलले. दोरा हातात धरून, न अडखळता, स्वतःचं नाव घेऊन बोलले. रूपीने ते टिपलं. मोबाइल खाली ठेवून तिने लाहूला उचललं आणि माझ्या मांडीवर आणून बसवलं.

"पट्टी बांधा, डॉक्टर," ती म्हणाली.

६

पुढचं रहस्य नव्हतं, नुसती मेहनत होती. पोलिओ नाही असा तपासणीचा निकाल आला. मी लाहूच्या पावलाला हलकी पट्टी करून दिली आणि रूपीला व्यायाम शिकवले. आधी ती पाऊल असं धरायची की जणू फुटेल. पुढे पुढे माझ्याच चुका काढायला लागली. दर आठवड्याला चंदरकाका लाहूला खांद्यावर घेऊन बसने डहाणूला यायचे. त्यांना तालुक्यात बोलावणी आली, लेखी जबाब द्यावे लागले, ते सगळं त्यांनी खाली मान घालून केलं. सुई परत हातात धरली नाही. लशीच्या दिवशी मात्र ते सुषमाच्या पुढे चालत पाड्यावर यायचे आणि स्वतः दारं ठोठावायचे. पोरं अजूनही त्यांना बघून कुडाला चिकटत, त्याला इलाज नव्हता.

नस सावकाश जागी होते आणि कधीकधी पुरी होतही नाही. हे मी रूपीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पावसाळा सरला तरी लाहूचं पाऊल लोंबतच होतं. मी तिच्यासमोर हसरा चेहरा ठेवायचो आणि भाविनीसमोर चिडचिड करायचो. मग एक दिवस कापसाची वात डाव्या पावलावरून फिरवली आणि लाहूने पाय ओढून घेतला. त्या दिवशी भाविनीने माझा अख्खा डबा खाल्ला तरी मी काही बोललो नाही.

दिवाळीला नवशीने नवा दोरा बांधला. बरोबर कमरेवर, अंगाबरोबर, आणि त्यात फक्त नाणं. ते दाखवायला ती स्वतः आली होती. "जास्तीचे ताईत देवापाशी ठेवलेत," ती म्हणाली, "तिथूनच राखतील."

मार्गशीर्षातली गोष्ट. मी खोलीत पाठमोरा उभा राहून एका आजोबांचा खांदा फिरवत होतो. व्हरांड्याच्या टोकाला चूं वाजलं. मी थांबलो. आजोबा म्हणाले, "काय झालं?" मी त्यांना गप्प बसायची खूण केली.

पुन्हा चूं आलं. आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, जरा दबकं, जरा उशिरा, पण स्पष्ट, दुसरं.

मागे वळायचं मला धाडस होईना. दाराशी रूपी बोलत होती, चंदरकाका नाक ओढत होते. शेवटी वळलो. चंद्रावतीने आणलेले नवे, एक माप मोठे लाल बूट लाहूच्या पायात होते. तो अजून थोडा उडत चालत होता, डावी टाच कधी टेके, कधी चुकवी. पण टेकली की वाजत होती.

"ओरडू नका हां, डॉक्टर," रूपी दारातून म्हणाली. तिला आता ती पाटी वाचता येत होती की कुणी सांगितली होती, कोण जाणे. "पाटीवर लिवलंय, बूट बाहेर काढा. काढू काय?"

"अजिबात नको," मी म्हणालो आणि दारावरची पाटी मीच उतरवली. "त्याला म्हणावं, व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत पळत जा आणि पळत परत ये."